फाइल दुरून वाचावी की जवळ ठेवावी?

अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठी साठवण उभी करणारी ‘ग्लस्टर’ ही मुक्तस्रोत फाइल सिस्टिम बरीचशी बंगळुरूत घडली. ऑक्टोबर २०११मध्ये रेड हॅटने ती घडवणारी कंपनी सुमारे १३.६ कोटी डॉलरला विकत घेतली. कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारा वेगळा सर्व्हर ग्लस्टरमध्ये नाही. नावाचा हॅश काढून क्लायंट स्वतःच जागा ठरवतो.

खरा पेच त्यानंतरचा. प्रत्येक वाचन नेटवर्कवरून केले, तर मजकूर ताजा मिळतो, पण दर वेळी हेलपाटा पडतो. हजारो बारीक फाइलींच्या फोल्डरची नुसती यादी मागितली तरी हे जाणवते. प्रत क्लायंटच्या कॅशमध्ये ठेवली, तर काम झपाट्याने होते. मात्र दुसऱ्या यंत्राने तीच फाइल बदलली, तर हातात शिळी माहिती राहते. म्हणून ग्लस्टर फाइलची माहिती, म्हणजे आकार, वेळ, परवानग्या, मुळात एकच सेकंद ग्राह्य धरत असे. पुढे बदल झाल्याचे सर्व्हरनेच क्लायंटला कळवण्याची सोय आली आणि ही मुदत ६०० सेकंदांपर्यंत नेता आली. माझ्या मते ही सुधारणा सर्वांत मोलाची.

वाचन जास्त, बदल क्वचित, अशा ठिकाणी कॅश बेलाशक वापरावी. आभासी यंत्रांच्या डिस्कसाठी मात्र ग्लस्टरच्या तयार सेटिंगमध्येच वाचनाची कॅश बंद असते: त्या यंत्रांची स्वतःची कॅश असतेच, दुहेरी साठवून मेमरी वाया जाते.