भावनेचे नाव न घेता : रे रोडवरील काही लेखन-सराव

नवोदित कथाकारांच्या वह्या तपासताना एक वाक्य हटकून भेटते : ‘त्याच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि लिहिणाऱ्याचा हेतूही प्रामाणिक असतो. तरी वाचकाच्या अंगावर त्या डोंगराचा एक दगडही पडत नाही. असे का होते, आणि सरावाने त्यावर काही उपाय करता येतो का, हा या लेखाचा विषय आहे. रे रोड स्थानकाजवळच्या एका वाचनालयाच्या खोलीत महिन्यातून दोन रविवार मी कथालेखनाचा वर्ग घेतो. पुढचे विवेचन त्या वर्गातल्या अनुभवावर आणि त्याला आधार देणाऱ्या जुन्या-नव्या विचारांवर उभे आहे.

जागेबद्दल आधी थोडे सांगायला हवे, कारण सरावांचा कच्चा माल तिथलाच आहे. हे स्थानक हार्बर मार्गावर, डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीन यांच्यामध्ये आहे. 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव त्याला मिळाले. कुर्ल्याहून येणारा मार्ग 1910 साली इथवर पोचला आणि सुरुवातीला इथेच संपत असे. पूर्वेला बंदराची जमीन, लाकडाच्या वखारी, भंगाराची दुकाने आणि दारूखान्याचा जहाजतोडणीचा किनारा आहे. ‘दारूखाना’ या नावातली दारू बंदुकीची आहे. मात्र वर्गातले निम्मे लोक पहिल्या दिवशी गुत्त्याचीच कल्पना करून येतात. आपण रोज उच्चारतो त्या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्यापासूनच आमचा सराव सुरू होतो.

माहिती म्हणजे खोली नव्हे

व्यक्तिरेखा ‘खोल’ करायची तर तिची माहिती गोळा करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचे एक उगमस्थान लायोस एग्री यांच्या नाट्यलेखनावरील 1946 च्या इंग्रजी पुस्तकात आहे. माणसाला शरीर, समाज आणि मन अशा तीन मिती असतात, अशी त्यांची मांडणी होती आणि ती उपयुक्तही आहे. पण पुढे तिचे छापील तक्ते झाले : उंची, रंग, आवडता पदार्थ, बालपणीची आठवण. हे तक्ते भरून आणलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. पात्राला कारल्याची भाजी आवडत नाही हे त्यांना ठाऊक असते; मुलासमोर अपमान झाल्यावर ते पात्र चप्पल कशी घालेल, हे ठाऊक नसते.

दुसरा मार्ग अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर यांनी दाखवला. त्यांच्या मृत्यूनंतर 1983 साली प्रसिद्ध झालेल्या कथाकलेवरच्या पुस्तकात एक सराव आहे. युद्धात नुकताच मुलगा गमावलेल्या माणसाला धान्याचे कोठार कसे दिसेल, ते लिहायचे. अट अशी की मुलगा, युद्ध आणि मृत्यू यांचा उल्लेख करायचा नाही. भावनेचे दार बंद केले की ती वस्तूंच्या फटींतून बाहेर येते, हे त्यामागचे तत्त्व. टी. एस. एलियट यांनी 1919 साली ‘हॅम्लेट’वर लिहिताना भावनेला वस्तू, प्रसंग आणि घटनाक्रम यांच्या रूपाने बाह्य प्रतिरूप मिळायला हवे असे म्हटले होते. गार्डनर यांचा सराव म्हणजे त्या विचाराची गृहपाठाची वही.

मम्मटाने सांगितलेला दोष

पण हे सारे आपल्याला परके नाही. रस त्याचे नाव उच्चारून निर्माण होत नाही, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त सांगितले. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची यादी केली, तेव्हा भाव किंवा रस स्वतःच्या नावानेच सांगून टाकणे, म्हणजे ‘स्वशब्दवाच्यता’, हा एक दोष म्हणून नोंदवला. ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ हे वाक्य वाचकापर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर तिथे आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात त्यापुढची हत्यारेही सापडतात. आठ स्थायी भाव, आठ सात्त्विक भाव आणि तेहेतीस व्यभिचारी भाव, असे एकूण 49 भाव तिथे मोजले आहेत. भाव जागवणारी कारणे ते विभाव आणि शरीरावर उमटणाऱ्या खुणा ते अनुभाव. परीक्षेसाठी पाठ केलेली ही यादी कथाकाराच्या टेबलावर ठेवली की वेगळीच दिसू लागते. व्यभिचारी भावांत ‘अवहित्था’ नावाचा एक भाव आहे. त्याचा अर्थ मनातले लपवणे. आधुनिक कथेतली बहुतेक माणसे याच एका भावाच्या आधाराने जगतात, असे मला वाटते. शोक हा स्थायी भाव असेल, तर त्याच्या सोबतीला विषाद येणार हे कुणीही सांगेल. पण शोकाबरोबर गर्व आला तर? व्रीडा, म्हणजे लाज आली तर? क्षणभर हर्ष चमकून गेला आणि त्या माणसाला स्वतःचीच भीती वाटली तर? व्यक्तिरेखेला खोली येते ती या न जुळणाऱ्या जोडीतून.

चार सराव

पहिला सराव वखारीचा. गार्डनर यांचे कोठार आम्ही रे रोडच्या लाकडाच्या वखारीत आणले. पात्र : लाकूड मोजून वहीत घनफूट लिहिणारा पन्नाशीचा माणूस. आदल्या रात्री भांडण होऊन त्याचा मुलगा घर सोडून गेला आहे. मुलगा, भांडण, घर आणि रात्र हे चार शब्द वर्ज्य. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांनी वखार अंधारी आणि ओसाड केली. हवामानाला रडायला लावणे ही सर्वात सोपी पळवाट आहे. दुसऱ्या खर्ड्यात एकाने लिहिले की मोजणाऱ्याने एकाच ओंडक्याला तीनदा टेप लावला आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. तोडलेल्या जहाजातून आलेल्या जुन्या सागवानात करवतीला खिळा लागला. वरून लाकूड गुळगुळीत होते, खिळा आत कधीचा बुजून गेला होता. मोजणारा कारागिरावर ओरडला, ‘आधी बघता येत नाही?’ वर्गात कुणीही बोलले नाही. ते वाक्य कुणाला उद्देशून आहे, हे सगळ्यांना कळले होते.

दुसरा सराव हातांच्या कामाचा. स्तानिस्लावस्की यांनी अभिनेत्याला आधी स्वतःच्या आयुष्यातल्या भावनांची आठवण जागवायला शिकवले. अखेरच्या वर्षांत मात्र त्यांचा भर शारीरिक कृतींवर आला. लेखकालाही हाच क्रम मानवतो. स्वतःचे दुःख आठवून लिहिणाऱ्याच्या हातून पात्राऐवजी लेखकच रडतो. म्हणून एक काम निवडायचे : गॅस कटरने पत्रा कापणे, चहाच्या पेल्यांचा कॅरिअर विसळणे, गोणीचे तोंड शिवणे. ते कोणत्या क्रमाने होते ते पाहून, विचारून टिपायचे. मग त्या क्रमात एकच बिघाड करायचा. रोज डाव्या हाताने होणारी गोष्ट आज उजव्याने झाली, एवढाच. बिघाडाचे कारण लेखकाला माहीत हवे, पण कागदावर येता कामा नये.

तिसरा सराव मनीऑर्डरचा. गिरगाव-लालबागच्या खोल्यांतून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या मनीऑर्डरींवर संदेशासाठी थोडीशी जागा असे. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने तीन मजकूर लिहायचे : पाठवलेला, खोडलेला आणि मनातच राहिलेला. पाठवलेल्या मजकुरात बहुधा पाऊस, तब्येत आणि आकडा असतो. तिघांमधले अंतर जितके मोठे, तितकी व्यक्तिरेखा खोल. कथेत मात्र फक्त पहिला मजकूर वापरायचा.

चौथा सराव मुलाखतीचा. त्याचे मराठीतले थोर उदाहरण कथेचे नसून आत्मकथनाचे आहे. दया पवार यांनी ‘बलुतं’मध्ये (1978) स्वतःचे दोन भाग केले : दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. त्यामुळे सांगणाऱ्याला लाज वाटते त्या जागी ऐकणाऱ्याची शांतता उभी राहते. आम्ही पात्राला दहा प्रश्न विचारतो. त्यांतल्या तीनांची उत्तरे द्यायला पात्राने नकार दिला पाहिजे, असा नियम आहे. नकार कोणत्या शब्दांत येतो यावरून माणूस कळतो. ‘ते सोडा’ म्हणणारा, ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणणारा आणि हसून चहा मागवणारा, ही तीन वेगळी माणसे आहेत.

मोठी घटना, लहान माणूस

या भागात मोठ्या घटनेचा मोह टाळणे कठीण असते. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके, कापूस आणि सोन्याच्या विटा होत्या. शेकडो माणसे गेली, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. वर्गातल्या एका बाईंना आजीकडून ऐकलेल्या त्या दुपारवर कथा लिहायची होती. पहिल्या खर्ड्यात ज्वाळा, किंकाळ्या आणि उडालेले सोने होते, फक्त आजी नव्हती. मी त्यांना स्फोट, आग आणि सोने हे शब्द वर्ज्य केले. महिन्याने त्यांनी आणलेल्या दोन पानांत एक बाई फळीवरून पडलेली भांडी पुन्हा लावते, मोजते, एक कमी भरते म्हणून पुन्हा मोजते. नवरा गोदीत कामाला आहे, हे पहिल्याच ओळीत येऊन गेलेले असते. भांडी अकरा आहेत हे तिला ठाऊक आहे. ती बारा होईपर्यंत मोजणार आहे.

पणाला काय लागले आहे

अशा सरावांमुळे लेखन यांत्रिक होते, असा आक्षेप घेतला जातो. सरावालाच कथा समजले तर तो खराच आहे. ‘वर्ज्य शब्दां’ची युक्ती सवयीने अंगी बाणली की प्रत्येक दुःखी माणूस भांडी मोजू लागेल. म्हणून कोणताही सराव एका पात्रासाठी दोनदा वापरू नये आणि त्यातून आलेले निम्मे पान टाकून द्यावे.

पण माझी मोठी काळजी वेगळी आहे. आमच्या वर्गाला येणारे बरेचसे लोक कचेरीत काम करणारे आहेत. खिडकीतून दिसणारा जहाज कापणारा मजूर त्यांच्या कथेत येतो तो ‘बिचारा’ म्हणून. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाने आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने (1997) दाखवले की उपेक्षितांचा, संपानंतर कोलमडलेल्या गिरणगावातला माणूस संतापतो, खोटे बोलतो, स्वप्ने पाहतो, आपल्याच माणसांवर अन्याय करतो. त्याला केवळ करुणेचा विषय करणे म्हणजे त्याचे तेहेतीस भाव काढून घेऊन हातात एकच देणे आहे. तेव्हा ‘दुःख’ हा शब्द वर्ज्य करणे ही शैलीची बाब राहत नाही. समोरच्या माणसाला पूर्ण माणूस मानण्याची ती किमान अट ठरते.

त्यासाठी कोणताही सराव पुरेसा नाही, हेही खरे. वखारीत जाऊन उभे राहावे लागते, कामाचे शब्द ऐकावे लागतात, आणि कुणी विश्वासाने सांगितलेले गुपित जसेच्या तसे कथेत उचलायचे नसते. सराव कान तयार करतो; ऐकायला आपल्यालाच जावे लागते. वाचकांपैकी कुणाच्या टेबलावर अर्धी कथा पडून असेल, तर त्यातली भावनांची नावे पेन्सिलीने खोडून पाहावीत. खोडल्यावर पात्र उभे राहिले, तर कथा पुढे न्यावी. ते कोसळले, तर त्याचे हात त्या वेळी काय करत होते, इथपासून पुन्हा सुरुवात करावी.