मोपा ते चिपी: हवाई अंतर किती, वेळ किती?

पेडणे तालुक्यातल्या मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ यांच्यात सरळ रेषेत अंतर आहे जेमतेम 45 किलोमीटर! चिपी 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, तर मोपाहून प्रवासी उड्डाणं 5 जानेवारी 2023 पासून.

हिशेब घरी करता येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किमी, रेखांशाचा आपल्याकडे 107. चिपी मोपाच्या उत्तरेला पाव अंशाहून थोडा जास्त, पश्चिमेला एक तृतीयांश अंश. म्हणजे सुमारे 29 आणि 35 किमी. उरलं काम पायथागोरसचं. ही रेषा तेरेखोल नदी ओलांडून वेंगुर्ल्याच्या ईशान्येकडून चिपीजवळच्या परुळ्याकडे जाते.

एटीआर 72 विमानाचा ताशी 500 किमी वेग धरला तर साडेपाच मिनिटं. पण तो वेग गाठायच्या आतच उतरायची तयारी करावी लागेल! धावपट्टीपर्यंत जाणं, चढण, वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत येणं, हे कुठल्याही उड्डाणात चुकत नाही. म्हणूनच मोपा-मुंबई हवाई अंतर सुमारे 385 किमी, जेटच्या वेगाने अर्धा तास, तरी वेळापत्रकात तासाहून जास्त वेळ असतो.

दाबोळीही मोपापासून हवेतून 40 किमीवरच. डिचोली तर अवघी 18-19. पेडणे-डिचोलीकरांनो, तिकीट काढताना मोपा, दाबोळी आणि चिपी तिन्हीकडची उड्डाणं जरूर तपासा.