विश्लेषण : देवगिरीच्या यादवांचा ‘यदु’ कोण? जाधव आडनावाशी त्याचा काय संबंध?

पाटोदा तालुक्यात काय किंवा उभ्या मराठवाड्यात काय, जाधव आडनाव नाही असं गाव शोधावं लागेल. या आडनावाचं मूळ ‘यादव’ या शब्दात मानलं जातं. ‘यात्रा’ची ‘जत्रा’ झाली, तसा ‘य’चा ‘ज’ झाला. यादव म्हणजे यदूचे वंशज. मग हा यदु कोण?

शाप मिळालेला राजपुत्र

महाभारतातील कथेनुसार यदु हा ययाती आणि देवयानीचा थोरला मुलगा. शुक्राचार्यांच्या शापामुळे ययातीला अकाली म्हातारपण आलं. त्याने मुलांकडे तारुण्य मागितलं. यदूने नकार दिला. धाकट्या पुरूने ते दिलं आणि राज्यही त्यालाच मिळालं. ‘तुझ्या वंशाला राज्य मिळणार नाही’ असा शाप यदूच्या वाट्याला आला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे या कुटुंबाची ओळख मराठी घराघरांत आहे.

गंमत अशी, की राज्य नाकारलेल्या याच यदूला पुढे अनेक राजघराण्यांनी मूळपुरुष मानलं. श्रीकृष्ण त्याच वंशातला, हे त्याचं मोठं कारण. कर्नाटकातील होयसळही स्वतःला यदुवंशीच म्हणवत.

वंशावळ कोणी लिहिली?

देवगिरीच्या दरबारातील मंत्री हेमाद्री पंडिताने. १३व्या शतकातील त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ ग्रंथाच्या व्रतखंडात ही परंपरा आहे. यादव आधी मथुरेचे, कृष्णापासून द्वारकेचे आणि दृढप्रहारापासून दक्षिणेचे, असा तिचा क्रम. मात्र हेमाद्री राजाच्या पदरी होता, हे वाचताना विसरता येत नाही. या घराण्याचे असंख्य शिलालेख कन्नडमध्ये आहेत, त्यामुळे ते मुळात दक्षिणेतलंच असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

दृढप्रहाराचा मुलगा सेऊणचंद्र ९व्या शतकाच्या अखेरीचा. त्याने सेऊणपूर वसवलं आणि त्याच्या नावावरून नाशिक ते देवगिरीच्या मुलखाला ‘सेऊणदेश’ म्हणू लागले. खरं तर प्रदेशाला नाव देणारा पूर्वज हाच. पण आज ‘सेऊण’ हा शब्द अभ्यासकांपुरता उरला आणि पुराणातला यदु बोलीत टिकला.

बीडमध्ये काय पुरावे?

यादवांच्या सत्तेच्या खुणा जिल्ह्यातच आहेत. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित शिलालेख अंबाजोगाईत आहेत. १२९०च्या ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटी रामचंद्र यादवाचा उल्लेख आहे, तोही यदुवंशाच्या नावानेच.

सगळे जाधव राजवंशीय?

तसं म्हणता येत नाही. सिंदखेडराजाचे जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव याच घराण्यातले. १६२९मध्ये निजामशाहाने त्यांची हत्या करवली, तीही दौलताबादेत, म्हणजे जुन्या देवगिरीतच. पण जाधव हे आडनाव अनेक जाती-समाजांत आहे. आडनावावरून कूळ ठरवणं धोक्याचं. देवगिरीचं राज्य १३१८च्या सुमारास संपलं. तिथपासून आजपर्यंत कुठल्याही एका घराची सलग साखळी जोडायची, तर पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद लागतील. ते बहुतेक घरांत नाहीत.