पोळी विकतची, मग आमटी कशाची?

पुरणपोळीचा सण आला की बडोद्यातील मराठी घरांतून दोन वास दरवळतात. एक गूळ-वेलदोड्याचा, दुसरा लवंग-दालचिनीच्या फोडणीचा. पहिल्याचे कौतुक सारे करतात. दुसऱ्याची किंमत मात्र दोन पोळ्या पोटात गेल्यावर, गोडाने तोंड मिटले म्हणजे कळते. तो वास कटाच्या आमटीचा.

पुरणाची हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवावी लागते. ती उपसल्यावर खाली जे दाटसर, पिवळट पाणी राहते, तोच कट. दक्षिण महाराष्ट्रात यालाच येळवणी म्हणतात. डाळीचे बरेचसे सत्त्व त्यात उतरलेले असते. ते मोरीत ओतणे जुन्या गृहिणीला पटणे शक्यच नव्हते. तुपाच्या गोड पोळीला जोड म्हणून आंबट-तिखट काही हवेच होते. काटकसर आणि रसना यांचे असे सहज जमले.

ही युक्ती एकट्या मराठी माणसाची नव्हे. आपले गुजराती शेजारी तुरीच्या डाळीची वेढमी करतात आणि डाळीच्या पाण्याचे ओसामण. कर्नाटकात होळिगेबरोबर त्याच डाळीच्या पाण्याचे सारू असते. बडोदे १७३४ साली गायकवाडांकडे आले, १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली शहर गुजरात राज्यात गेले. पण ओसामण आणि कटाची आमटी या दोघी बहिणी एकाच पोळात नांदत राहिल्या. ओसामण पातळ व सौम्य. आमटी मसाल्याची, जरा ठसकेबाज.

आमटीचे प्रमाण असे. दोन वाट्या डाळ दोन तास भिजवावी, सात-आठ वाट्या पाण्यात चिमूटभर हळद व चमचाभर तेल घालून मऊ शिजवावी आणि चाळणीत निथळावी. तीन-साडेतीन वाट्या कट मिळतो. कट फारच पातळ वाटला तर शिजलेल्या डाळीचे दोन डाव घोटून त्यात मिसळावेत. सुके खोबरे व जिरे खमंग भाजून वाटावे. तेलात मोहरी, हिंग, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा व कढीलिंब यांची फोडणी करून त्यात वाटण परतावे, तिखट व दोन चमचे गोडा मसाला घालावा आणि कट ओतावा. मग सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, गुळाचा खडा व मीठ. दहा मिनिटे मंद उकळी पुरे. चिंच डाळ शिजतानाच घालू नये. आंबटाने डाळ लवकर मऊ होत नाही. नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नसतो. उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, हे सांगायला नकोच.

परंतु आता अनेक घरांत पोळ्या विकत येतात. त्यात कमीपणा काही नाही. नोकरी करणाऱ्या सुनेने रात्री पुरण वाटत बसावे, असा आग्रह कोणी धरू नये. थकलेल्या सासूबाईंनीही नव्हे. मात्र पोळी दुकानातून आली की तिचा कट दुकानातच राहतो. मग मूठभर डाळ शिजवून, घोटून, तिलाच कटाची आमटी म्हटले जाते. ती वाईट नसते, पण ते वरणाचेच दुसरे रूप. घरी पुरण करणाऱ्याही बेताचे पाणी घालून कुकर लावतात. डाळ शिजते, कट उरतच नाही.

आमटी अशी हळूच नाहीशी होते. पोळी गेली तर घरात चर्चा होईल. आमटी गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तिच्याबरोबर घराघरांतला गोड्या मसाल्याचा हातही जाईल, कारण तो बहुधा कुठे लिहिलेला नाही.

यावर उपाय सोपा आहे. पोळ्या खुशाल विकत आणाव्यात, पण होळीला एक वाटी डाळीचे पुरण घरी घालावे. ते नैवेद्याला व दुधाबरोबर खायला होते, आणि कटात चार माणसांची आमटी निभते. डाळीत पाणी सढळ हाताने घालावे. आणि घरात आजी असतील तर त्यांना शेजारी बसवून मसाल्याचे प्रमाण या वर्षीच वहीत उतरवून घ्यावे.