वर्गात गेम : काही गैरसमज आणि एक बैलगाडी

पालकसभेत ‘वर्गात व्हिडिओ गेम खेळवणार’ असं नुसतं म्हणून बघा. “घरी मोबाइल सुटत नाही, आता शाळेतही तेच का?” काळजी रास्त आहे, पण तिच्यात काही गैरसमज मिसळलेले असतात.

पहिला म्हणजे, हे मोबाइलच्या जमान्यातलं फॅड आहे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात आठवीच्या इतिहासाच्या वर्गात ‘द ओरेगन ट्रेल’ हा संगणकावरचा खेळ खेळला गेला. डॉन रॉविच हे तिथले शिकाऊ शिक्षक. प्रोग्रॅम लिहिला त्यांच्या दोन मित्रांनी, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर यांनी. पडदा नव्हताच. टेलिटाइप यंत्र कागदावर खडखडत ओळी छापायचं : अन्न इतकं उरलं, गोळ्या इतक्या, शिकारीला जाणार का? जाणार असाल तर ‘बँग’ टाइप करा!

‘खेळ म्हणजे टाइमपास, त्यात शिकण्यासारखं काय?’ हा दुसरा. याच खेळाची १९८५ ची आवृत्ती घ्या. साल १८४८. त्या काळचे स्थलांतरित होऊन बैल जोडलेल्या गाडीतून मिसुरीहून ओरेगनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर जायचं. आधी पेशा निवडायचा. बँकरच्या खिशात १,६०० डॉलर, सुताराच्या ८००, शेतकऱ्याच्या फक्त ४००. मात्र शेवटी शेतकऱ्याचे गुण तिप्पट धरले जातात. रिकाम्या खिशाने तीच वाट तुडवणं किती अवघड, हे मुलांना कोणी सांगत नाही. बैल, कपडे, धान्य घेताना पैसे संपले की त्यांनाच कळतं. (आपल्यातले बरेच जण ‘गहाण’ हा शब्द सुट्टीतल्या ‘व्यापार’च्या पटावरच शिकले की!) शिकारीत कितीही जनावरं लोळवली तरी गाडीपर्यंत १०० पौंडच मांस नेता येतं. आणि गाडीतली माणसं मरतात ती हगवणीने, कॉलऱ्याने. खऱ्या वाटेवरही सर्वाधिक बळी रोगांनीच घेतले, हल्ल्यांनी नव्हे.

गुण, तारे, बॅज लावले की अभ्यासाचा गेम तयार, असंही काहींना वाटतं. पाढा बरोबर आला की फुगा फुटतो, ही रंगीत चाचणी झाली. काढा तो फुगा, पाढा तोच राहतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र वेगळा : गेम शिकवेल, शिक्षक कशाला? गेममध्ये दिसतं ते नियम लिहिणाऱ्याच्या नजरेतून. ओरेगनच्या वाटेवर खेळणारा कायम स्थलांतरितांच्या गाडीत बसलेला. ज्यांच्या भूमीतून ती गाडी चालली होती, ते मूलनिवासी वाटेवरचे परके. २०२१ च्या आवृत्तीसाठी मूलनिवासी समाजातल्या इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला, म्हणजे पहिल्या खेळानंतर ५० वर्षांनी. ‘ही जमीन कुणाची?’ हे त्याआधी विचारायला वर्गात शिक्षकच हवा होता.

तेव्हा तुमच्या शाळेत गेम येणार असेल, तर संगणक किती हे नंतर विचारा. खेळ थांबल्यावर त्यावर बोलायला तासातली किती मिनिटं ठेवलीत, ते आधी विचारा.