खिडकीतला पिंपळ

शहरातील मनुष्याचा दिवस आता बहुतांशी पडद्यांसमोर जातो. सकाळी मोबाईल, दिवसभर संगणक, रात्री दूरचित्रवाणी. मुलांचा अभ्यासही पुष्कळसा त्याच वाटेने चालला आहे. अशा माणसास निसर्गाकडे वळण्याचा उपदेश केला, म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे हिमालय किंवा एखादे अभयारण्य उभे राहते, आणि रजा व पैसा या दोहोंच्या अभावी तो विचार तेथेच थांबतो. वस्तुतः इतके दूर जाण्याचे कारण नाही. भारतातील बहुतेक गावांत व शहरांत हाकेच्या अंतरावर एखादा पिंपळ असतोच. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले त्याचे बी भिंतीच्या फटीतही रुजते; घरमालकास त्याचा त्रास होतो, ही गोष्ट निराळी.

असा एक वृक्ष निवडावा आणि आठवड्यातील ठरलेल्या दिवशी पाच मिनिटे त्याच्याकडे पाहावे. हिवाळा सरता सरता त्याची पाने पिवळी पडून गळू लागतात. फांद्यांच्या टोकांशी अणकुचीदार कळ्या दिसतात. कळीवरील उपपर्णांचे वेष्टन गळाले, की आतून तांबूस, चकचकीत पालवी बाहेर येते. कोवळ्या पानात हरितद्रव्य अद्याप पुरेसे झालेले नसते, अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य मात्र भरपूर असते. ते नाजूक पेशींचे प्रखर उन्हापासून रक्षण करते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. पाने खाणाऱ्या कीटकांना दूर ठेवण्याशीही काहीजण त्याचा संबंध जोडतात. थोड्याच दिवसांत पान हिरवे होते. वर्षातून एकदा सहलीस जाणाऱ्यास हा बदल दिसणे दुर्लभच. पुस्तकात ठेवून जाळी झालेले पिंपळपान आपणांपैकी पुष्कळांनी जपले असेल. पण ते पान झाडावर कोणत्या महिन्यात उमलले, हे किती जणांना सांगता येईल?

पिंपळाला फुले येत नाहीत, असा सार्वत्रिक समज आहे. फुले येतात, परंतु ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत दडलेली असतात. वड, उंबर व अंजीर यांचीही रचना अशीच असून वनस्पतिशास्त्रात तिला कुंभासनी म्हणतात. जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीच्या एका कीटकाची मादी टोकावरील छिद्रातून आत शिरते. आतील फुलांचे परागण करते, त्यांपैकी काहींत अंडी घालते व तेथेच मरते. पुढील पिढीतील नरांना पंख नसतात. बाहेर पडण्याची वाट कोरून देण्यात त्यांचे आयुष्य संपते, आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या पिंपळाच्या शोधात उडून जातात. एका झाडाची फळे साधारणतः एकदमच पिकतात, पण शेजारच्या झाडाची त्याच वेळी पिकतील असे नाही. म्हणूनच कीटकांना नवे घर मिळते, आणि तांबट, कोकीळ, हरियाल यांना वर्षाच्या निरनिराळ्या काळी मेजवानी मिळते.

पाहिलेले लिहून ठेवावे, कारण स्मरणशक्ती या बाबतीत फार फसवी आहे. इंग्लंडातील नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिली पालवी, पहिली फुले, पक्ष्यांचे आगमन यांच्या तारखा टिपण्यास आरंभ केला. त्यांच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. जपानमधील क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात. तेथे २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्च रोजी आला. त्यापूर्वीच्या सुमारे बाराशे वर्षांच्या उपलब्ध नोंदींत इतका लवकर बहर आढळत नाही. जुन्या रोजनिशांतील तारखा नसत्या, तर वाढत्या तापमानाचा हा पुरावा कोणाच्या हाती लागला असता?

भारतात २०१० साली ‘सीझनवॉच’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात शाळा व नागरिक एखादे झाड निवडतात आणि त्याची पालवी, फुले व फळे यांची नियमित नोंद कळवितात. ती मोबाईलवरूनही कळविता येते. त्या दोन मिनिटांपुरता पडदा उपयोगी पडतो व पुन्हा खिशात जातो.

ज्यांना हेही नको, त्यांनी साधी वही घ्यावी. तारीख, पाने, फुले, फळे असे रकाने पाडावेत. पिंपळाच्या बाबतीत फुलांचा रकाना रिकामाच राहील. फळांच्या रकान्यात ती कच्ची की पिकलेली, आणि कोणता पक्षी ती खात होता, एवढे लिहावे.