तापलेला नट आणि तापलेला चेहरा

तुम्ही पिंपरी-चिंचवड किंवा चाकणला राहत असाल, तर ओळखीचं कुणीतरी कंपनीत मेंटेनन्सला असेलच. त्यांना विचारून बघा, "थर्मल कॅमेरा वापरलाय का हो?"

कारखान्यात कपाटाएवढी विजेची पॅनल असतात. आत ढीगभर जोडण्या, नटबोल्टांनी आवळलेल्या. सततच्या थरथरीने एखादा नट हळूच सैल होतो. सैल जोडणीत विजेला अडथळा होतो आणि ती जागा तापू लागते. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. पण थर्मल कॅमेरा रोखला, की निळ्या-जांभळ्या चित्रात तेवढाच नट पिवळाधमक चमकतो. लाइन बंद नाही, हात लावणं नाही, तरी चोर सापडला!

हे जमतं कसं? प्रत्येक वस्तू, अगदी बर्फसुद्धा, अवरक्त किरण बाहेर टाकत असते. वस्तू जितकी गरम, तितके किरण जास्त. १८०० साली विल्यम हर्षेल सूर्यप्रकाशातल्या रंगांची उष्णता मोजत होते. लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे त्यांनी तापमापी ठेवली आणि पारा तिथेही चढला! तेच हे किरण. कॅमेऱ्यातले चिमुकले संवेदक त्यांना टिपतात आणि कॉम्प्युटर प्रत्येक तापमानाला एकेक रंग देतो.

या कॅमेऱ्यात चष्मेवाला माणूस भारी दिसतो. चष्म्याच्या जागी काळाकुट्ट गॉगल! कारण अंगातून निघणारे हे किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत.

मग शास्त्रज्ञांच्या डोक्यात आलं, की सैल नट सापडतो, तर खोटं बोलणारा माणूसही सापडेल का? आपण घाबरलो, की शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि रक्ताची वाटणी बदलते. डोळ्यांभोवती रक्त वाढून तिथली कातडी किंचित तापते. मनावर ताण आला, की बऱ्याचदा नाकाच्या शेंड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शेंडा गार पडतो.

अमेरिकेत योआनिस पाव्हलिडिस, जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. तो २००२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. २० जण निवडले. त्यातल्या ८ जणांनी एका पुतळ्यावर हल्ला करून २० डॉलर चोरायचं नाटक केलं आणि नंतर "मी नाही त्यातला" असं सांगितलं. उरलेल्या १२ जणांना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. कॅमेऱ्याने ८ पैकी ६ 'चोर' बरोबर ओळखले आणि १२ पैकी ११ निर्दोषही!

टाळ्या वाजवाव्याशा वाटतात ना? पण थांबा, जरा गणित करू. १२ निर्दोष माणसांपैकी एक विनाकारण खोटारडा ठरला. समजा, विमानतळावर १२०० खरं बोलणारे प्रवासी आले आणि हेच प्रमाण राहिलं, तर १०० जणांवर नाहक ठपका येईल! त्यातले एक तुमचे आजोबा असतील तर?

गफलत कॅमेऱ्याची नाही. त्याने उष्णता बरोबरच मोजली. नट घाबरत नाही, लाजत नाही, त्याला ताप येत नाही. तो एकटाच तापला, की मेंटेनन्सवाले सैल जोडणी, जास्त भार अशी दोन-चार कारणंच तपासतात. माणूस मात्र भीतीने तापतो, रागाने तापतो, अन्यायाने तर जास्तच तापतो. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवला नाही, की आपला चेहरा कसा होतो, आठवा बरं!

म्हणूनच खरं-खोटं ठरवायला पुरावे शोधावे लागतात, समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, की असंच खोटं पकडू पाहणारं पॉलिग्राफ यंत्र कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध लावायचं नाही.

करून पाहा : बोट आधी कपाळाला लावा, मग नाकाच्या शेंड्याला. कुठे गार, कुठे गरम, ते वहीत लिहा. गार पाण्याने तोंड धुतल्यावर, जिना पळत चढल्यावर आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा. एकदाही खोटं न बोलता चेहरा किती वेळा बदलला, ते मोजा आणि आम्हाला कळवा!